सध्या काय ऐकता आहात?

घरातील वृद्धांसाठी कोणते संगीत लावावे, अशी विचारणा या सदराकडे वारंवार होते. काही वाचक तर एका बाजूला आजारांची नावे लिहून पाठवतात आणि त्यांच्यासमोर रागांची नावे भरून मागतात: रक्तदाबाला कोणता, मधुमेहाला कोणता, निद्रानाशाला कोणता. अशी यादी माझ्याजवळ नाही. आणि ज्यांच्याजवळ ती असते त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. दरबारी ऐकून मन निवते हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. परंतु त्यामुळे रक्तदाबाची गोळी सुटते असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही. गोळी घ्यावी आणि दरबारीही ऐकावा. दोहोंचे एकमेकांशी भांडण नाही.

यादीऐवजी आज एका प्रश्नाविषयी लिहितो. ‘सध्या काय ऐकता आहात?’ एवढाच तो प्रश्न. तो मी आसनगावात शिकलो. आणि तो वेळीच विचारण्याचे मला न सुचल्यामुळे माझ्याच एका रुग्णाची जवळजवळ दोन वर्षे विनाकारण मुकी गेली.

आसनगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील स्थानक, शहापूरला जाणाऱ्या माणसाच्या उतरण्याची जागा. पावसाची उघडीप झाली की माहुलीचे सुळके समोर उभे राहतात. आसपासच्या गावांतील मूळ वस्ती आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी मंडळींची. तिच्यात अलीकडच्या काळात गिरगाव, परळ, डोंबिवलीकडच्या लहान जागा सोडून आलेल्या निवृत्तांची भर पडली. जागा थोडी मोठी मिळाली, हवा बरी मिळाली, आणि ओळखीचे शेजार मात्र मागे राहिले. या मंडळींच्या सामानात एक ट्रंक हमखास असते. तीत कॅसेटी असतात, क्वचित तबकड्याही. वाजवणारे यंत्र केव्हाच बंद पडलेले असते. तरीही ती ट्रंक कोणी टाकत नाही.

अशाच सात-आठ जणांची बैठक दर रविवारी सकाळी एका इमारतीच्या गच्चीवरील पत्र्याच्या शेडखाली भरते. मी तिथे प्रथम गेलो तो कोणाचा तरी रक्तदाब मोजण्यासाठी, आणि मग जातच राहिलो. ही मैफल नव्हे आणि वर्गही नव्हे. प्रत्येकाने त्या आठवड्यात आपण काय ऐकत आहोत ते सांगायचे, त्यातले चार-पाच मिनिटांचे वाजवून दाखवायचे, आणि तेच का ऐकावेसे वाटले ते सांगायचे. नियम एकच आहे. ‘सध्या’ हा शब्द पाळायचा. ‘आमच्या वेळी’ असे जो म्हणेल त्याने सर्वांना चहा पाजायचा. पहिल्या महिन्यात पुष्कळ चहा झाला म्हणतात.

सुरुवातीला ‘अल्बम’ या शब्दावरूनच घोटाळा झाला. एका आजींनी पुढच्या रविवारी खरोखरच लग्नाच्या फोटोंचा अल्बम आणला. त्या फार चुकल्या नव्हत्या. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. अशा अनेक तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून एकत्र विकत, म्हणून त्या संचाला अल्बम म्हणू लागले. पुढे एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावणारी लाँग प्ले तबकडी आली, पुठ्ठ्याचे पुस्तक गेले आणि नाव मागे राहिले.

एकत्र बसून ऐकण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. जुन्या तबकड्या आणून त्या सर्वांनी मिळून ऐकण्याची सत्रे तिने वर्षानुवर्षे भरवली. याच रेल्वेमार्गावर, आसनगावाहून मुंबईच्या दिशेने सहा स्थानके अलीकडे, कल्याण गायन समाज १९२६ पासून उभा आहे. आमच्यातले दोघे नोकरीच्या काळात तिथल्या मैफली ऐकून उशिराच्या गाडीने परतत असत. आता रात्रीचा प्रवास झेपत नाही, म्हणून गच्ची.

बैठकीची एक वही आहे. तारीख, नाव, काय ऐकले आणि एखादा शेरा. ती वही मी वैद्यकीय कागदपत्रांइतक्याच बारकाईने वाचतो, कारण तीत माणसे दिसतात. एका निवृत्त शिक्षिकेने श्रीनिवास खळे यांच्या संगीतातील लता मंगेशकरांचे तुकोबांचे अभंग ओळीने सहा रविवार लिहिले आहेत. सातव्या रविवारी किशोरी आमोणकरांचा भूप, आणि शेरा असा: ‘अभंग पुरे. मन ताळ्यावर आले.’ मधल्या सहा आठवड्यांत त्यांच्या धाकट्या बहिणीचे दिवसकार्य झाले होते. त्याविषयी वहीत एक अक्षर नाही. एका गृहस्थांनी गीतरामायणातली सर्व ५६ गाणी क्रमाने, दर आठवड्याला एक, ऐकण्याचा नेम धरला आहे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर ती अशीच आठवड्याला एक याप्रमाणे लागत होती. एका दमात सगळी ऐकण्यापेक्षा पुढच्या आठवड्याची वाट पाहण्यात जास्त गंमत आहे, असे ते सांगतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाने पुढच्या आठवड्याची वाट पाहावी, याहून अधिक एखादा डॉक्टर काय मागणार?

शेडची झाडलोट करणाऱ्या बाईंच्या आईही कधी कधी येऊन बसतात. त्या आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारीण. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, की आपण ऐकत नाही, गातो. ऐकायचे काम दुसऱ्यांचे. मग लेकीने मोबाईलवर त्यांचे गाणे उतरवून घेतले. हल्ली त्या स्वतःलाच ऐकतात आणि चुका काढतात. वहीत त्यांच्या नावापुढे लेकीने लिहिले आहे: ‘स्वतःचे. पसंत नाही.’

आता त्या दोन मुक्या वर्षांविषयी.

बैठकीत एक सद्गृहस्थ होते. गोदीत हिशेबनीस म्हणून नोकरी केलेले. त्यांची आवडती ध्वनिमुद्रिका एकच, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७ सालची ही तबकडी शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांनी मिळून साकारली. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस तीत पहाटेच्या अहीरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत उलगडत जातो. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत, हे ते न चुकता बजावत असत; साथीदाराचे नाव कोणी घेत नाही, अशी त्यांची कायमची तक्रार. पत्नी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ते बैठकीला येईनासे झाले. ‘गोडी राहिली नाही,’ एवढेच त्यांनी सांगितले. सूनबाई म्हणाल्या, की बाबा कोणाशी बोलत नाहीत, विचारलेल्याला भलतेच उत्तर देतात, घरात पाहुणे आले की उठून आतल्या खोलीत जातात.

मी निदान केले ते नैराश्याचे. पत्नीवियोग, वय, एकटेपण, आवडत्या गोष्टीत रस न उरणे: सर्व लक्षणे पुस्तकाप्रमाणे जुळत होती, आणि फार चांगली जुळणारी लक्षणे डॉक्टरला आळशी करतात. मी औषध दिले, फिरायला जा म्हटले, सूनबाईंना धीर दिला. औषध अगदीच चुकीचे नव्हते. त्यांची झोप सुधारली. पण ते गच्चीवर काही आले नाहीत. दर महिन्याला मी त्यांना विचारीत असे: झोप लागते का, भूक लागते का, पोट साफ होते का. जो प्रश्न मी रविवारी गच्चीवर सर्वांना विचारीत होतो, तो दवाखान्याच्या खुर्चीत बसलो की मला आठवत नसे.

शेवटी एकदा बाजारात गाठ पडली तेव्हा सहज तोंडून गेले, “काका, सध्या काय ऐकता?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डॉक्टर, लावून पाहतो अधूनमधून. पण ते बेसूर वाजतं.”

“कॅसेट खराब झाली असेल.”

“मुलाने मोबाईलवर लावून दिलं. तेही बेसूर. आता हरिप्रसाद काय बेसूर वाजवणार आहेत? म्हणजे माझंच डोकं फिरत चाललंय. कुणाला सांगू?”

आपल्याला स्मृतिभ्रंश होतो आहे, या समजुतीने त्या माणसाने दोन वर्षे तोंड मिटून काढली होती. आवडीची गोष्ट आवडेनाशी झाली नव्हती. ती त्याला ओळखू येईनाशी झाली होती. बिघाड मेंदूत नव्हता, कानात होता.

वाढत्या वयाबरोबर आतल्या कानातील शंखाकृती नळीतल्या संवेदक पेशी झिजतात. त्यातही उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढील चारांतील एकाहून अधिक व्यक्तींना दैनंदिन व्यवहारात अडचण येण्याइतका श्रवणदोष असतो. हा बहिरेपणा आवाज मंद करतो एवढेच आपण समजतो. प्रत्यक्षात तो आवाज तोडून-मोडून टाकतो. बोलण्यातले स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, क यांसारखी व्यंजने गळतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार, आणि म्हणूनच भलती उत्तरे. हळू आवाज मुळीच पोचत नाही आणि थोडा मोठा केला की एकदम कानावर आदळतो. ‘मोठ्याने बोल’ आणि ‘ओरडू नकोस’ ही दोन वाक्ये आजोबा लागोपाठ म्हणतात, तेव्हा तो त्यांचा हट्ट नसतो, त्यांच्या कानाची अवस्था असते. आणि काही जणांच्या बाबतीत दोन कान एकच स्वर किंचित वेगवेगळ्या उंचीवर ऐकू लागतात. अशा माणसाला जगातली कोणतीही बासरी बेसूरच लागणार. ज्याने जन्मभर संगीत ऐकले आहे त्याला हे इतरांच्या आधी जाणवते आणि जास्त छळते.

श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंधही दुर्लक्षण्याजोगा नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, परंतु टाळता वा सुधारता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. श्रवणदोष तीत आहे. ऐकू न येणारा माणूस लोकांतून उठून आतल्या खोलीत जातो, आणि तिथे त्याच्या मेंदूला काही काम उरत नाही.

त्यामुळे ज्यांच्या घरी कोणी ‘हल्ली गाणी आवडत नाहीत’ असे म्हणत असेल, त्यांनी पहिल्यांदा कान तपासून घ्यावेत. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढल्यावर दहा मिनिटांत काम होते. मात्र तो डॉक्टरने काढावा, घरातली काडी किंवा गरम तेल नको. मळ नसेल तर श्रवणमापन करून आलेख काढावा. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी. तिथे सोय झाली नाही तर कल्याण-ठाण्याला कान-नाक-घसा तज्ज्ञ आहेत. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. आसनगावकराला दादरला गाडी बदलून जावे लागते, पण जाण्यासारखी जागा आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारखी साधने मोफत देणारी केंद्र सरकारची वयोश्री योजना २०१७ पासून सुरू आहे, तीही विचारून पाहावी.

आमच्या हिशेबनीस काकांच्या दोन्ही कानांना यंत्रे बसली. त्यांना वाटले, आता सारे पूर्ववत होईल. तसे झाले नाही, आणि ही गोष्ट यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगितली पाहिजे. श्रवणयंत्रे प्रामुख्याने बोलणे ऐकू यावे म्हणून बनवलेली असतात. सतत एकसारखा चालणारा ध्वनी म्हणजे गोंगाट, असे यंत्र समजते आणि तो दाबू पाहते. तंबोरा सतत एकसारखाच चालतो! बासरीचा लांबवलेला स्वर तर यंत्राला स्वतःचीच शिटी वाटते आणि ते तो कापायला धावते. परिणामी काकांना मेंढपाळाच्या दरीत कोणी तरी पाण्याखालून बासरी वाजवत असल्यासारखे ऐकू आले. त्यांनी यंत्रे काढून डबीत ठेवली.

हे निस्तरता येते. श्रवणतज्ज्ञाला स्पष्ट सांगावे, की मला गाणे ऐकायचे आहे. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते, तीत हे दाबणे-कापणे कमी केलेले असते. मागितल्याशिवाय ती कोणी करून देईलच असे नाही, कारण सत्तरीच्या माणसाला भाजीवाल्याचे बोलणे ऐकू आले की पुरे, असे बहुतेकांना वाटते. दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. मग घरी पुरते ओळखीचे संगीत घ्यावे, कारण गळलेले भाग मेंदू आठवणीतून भरून काढतो. वाद्यमेळ नको, आधी एकच आवाज किंवा एकच वाद्य, खालच्या पट्टीतले. रोज पंधरा-वीस मिनिटे. काकांनी दोन महिने फक्त तंबोरा ऐकला. सूनबाईंना ते विचित्र वाटले. मला नाही वाटले. साधना याहून वेगळी काय असते?

आजाऱ्याच्या ऐकण्याविषयी बोलताना कुमार गंधर्वांची आठवण होणारच. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ च्या जानेवारीत देवासला राहायला गेले आणि त्यानंतर पाच-सहा वर्षे त्यांचे गाणे बंद होते. वैद्यकाने त्यांच्या गळ्यावर बंदी घातली होती, कानांवर नव्हती. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातील लोकांची गाणी ऐकत राहिले. भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हा नवे असलेले औषध लागू पडले. पुढे ते गाऊ लागले तेव्हा त्या ऐकण्यातून आलेले पुष्कळ काही त्यांच्या गाण्यात होते. औषधाने त्यांना वाचवले, ऐकण्याने नव्हे. परंतु ती वर्षे त्यांनी नुसती वाट पाहण्यात घालवली नाहीत. तेव्हा ते जे ऐकत होते ते आठवणीतले नव्हते, खिडकीखालून त्या क्षणी जात होते.

पाहायला येणारे लोक वृद्धांना भूतकाळाविषयीच विचारतात. तुमच्या वेळी सिनेमाचे तिकीट केवढ्याला होते, बिनाका गीतमाला ऐकत होता का. हेतू चांगला असतो, पण त्यातून एक गोष्ट कळत-नकळत सांगितली जाते: तुमचे ऐकून झाले. ‘सध्या’ विचारले की माणसाला उत्तरासाठी काही तरी ऐकावे लागते, निवडावे लागते. या निवडण्याला महत्त्व आहे. फिनलंडमधील संशोधकांनी २००८ साली पक्षाघाताच्या ६० रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना रोज निदान तासभर स्वतः निवडलेले संगीत दोन महिने ऐकवले, काहींना पुस्तकांची ध्वनिमुद्रणे, काहींना यांतले काहीच नाही. नेहमीचे उपचार सर्वांचे चालूच होते. संगीत ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता इतरांहून अधिक सुधारली आणि त्यांची मनःस्थितीही बरी राहिली. हा लहान अभ्यास आहे, त्यावरून चमत्काराची अपेक्षा करू नये. पण ते संगीत रुग्णांनी स्वतः निवडलेले होते, हा तपशील मला मोलाचा वाटतो. जुन्या गाण्यांनी भरलेली, बटण दाबताच वाजणारी यंत्रे हल्ली घरोघर दिसतात. आखडलेल्या बोटांना ती सोयीची आहेत खरी. मात्र ते बटण ज्याचे त्याने दाबावे. मुलाने सकाळी लावून दिले आणि तो कामावर गेला, मग दिवसभर ते वाजतच राहिले, याला ऐकणे म्हणत नाहीत.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला ‘सध्या काय ऐकता’ विचारून उत्तर मिळत नाही. तिथे उत्तर पाहून घ्यावे लागते. बैठकीतील एक आजोबा पत्नीच्या वतीने वहीत लिहितात. ‘माणिक वर्मांचे भावगीत. डोळे उघडे. उजव्या हाताने पदर धरून ताल.’ दुसऱ्या एका पानावर: ‘लग्नाची सनई. रडली. बंद केले. पुन्हा लावायचे नाही.’ एखादा चांगला परिचारक याहून अधिक काय लिहील? साधारणपणे दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी सर्वांत खोल रुजलेली असतात आणि बाकीचे पुसले गेल्यावरही कधी कधी टिकतात. तिथून सुरुवात करावी. तीन मिनिटांची जुनी ध्वनिमुद्रणे अशा रुग्णांना फार मानवतात. लक्ष विखुरण्याच्या आत गाणे पुरे होते. आणि मध्ये शांतता ठेवावी. सतत चालू राहिलेला रेडिओ त्यांना अस्वस्थ करतो, मग संध्याकाळची चिडचिड का वाढली ते घरच्यांना कळत नाही.

हे लिहिताना एका सूनबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सारे त्या एकट्या करतात, सहा वर्षांपासून. एका रविवारी थोडा वेळ शेजारणीला बसवून त्या गच्चीवर आल्या. पाळी आली तेव्हा म्हणाल्या, “माझं काही नाही. आईंचं हरिपाठ लागलेलं असतं, तेच.” शिक्षिकाबाई म्हणाल्या, “ते त्यांचं झालं. तुमचं?” त्यांना उत्तर देता आले नाही, आणि त्यांचे डोळे भरून आले. सहा वर्षांत त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही, आणि मी त्या घरी दर पंधरवड्याला जातो. सेवा करणाऱ्याची पाठ, गुडघे, झोप मी विचारतो. हे विचारले नव्हते.

तीन आठवड्यांनी त्यांनी वहीत लिहिले: बेगम अख्तर, भाकऱ्या करताना, एका कानाला इअरफोन. एकच कान, कारण दुसऱ्या कानाला सासूबाईंची हाक ऐकू यायला हवी. हे मला बरे वाटले आणि दुःखदायकही वाटले. घरातील इतर मंडळींनी आठवड्यातून अर्धा तास सासूबाईंजवळ बसावे, म्हणजे त्यांना दोन्ही कानांनी ऐकता येईल, असे मी त्यांच्या यजमानांना सांगितले. ते बसतात, असे कळते. नेहमी नाही.

इअरफोनचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. पण घरात डेसिबल कोण मोजणार? हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला आवाज चढवल्याशिवाय तुमच्याशी बोलता येत नसेल, तर गाणे मोठे आहे असे समजावे. आसनगावकरांसाठी आणखी एक: महामार्ग ओलांडताना, फलाटावर आणि रुळांच्या आसपास कानात काहीही असू नये. आणि ज्यांच्याजवळ अजून चालू टेपरेकॉर्डर आहे त्यांनी तो मोडीत काढू नये. साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू अर्ध्या तासाने संपते आणि ती बदलायला उठावे लागते. दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा, हे मी सांगून सांगून थकलो आहे. ते काम कॅसेट न बोलता करते.

हिशेबनीस काका गेल्या महिन्यापासून पुन्हा गच्चीवर येतात. जिना चढताना दोनदा थांबतात. तिथे आल्यावर कोणाला काही वाजवून दाखवत नाहीत, पण पाळी आली की वही ओढून घेतात आणि जुन्या हिशेबनिसाच्या रेखीव अक्षरात लिहितात. परवाची नोंद अशी आहे: ‘कॉल ऑफ द व्हॅली, पहिली बाजू. गिटार नीट. संतूर अर्धे. पोपटकर पूर्ण. बासरी जवळजवळ सुरात.’